हाडं खाणाऱ्या पेशी शरीराने पाळल्याच कशाला?

मसुंदाकाठ
मंडळी, आईचा (वय ७१) डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, झाली. कमरेचा टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडाच्या तुलनेत घनता किती कमी, तो आकडा) उणे ३.१ आला, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होणं. इथल्याच ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी डेनोसुमॅब नावाचं इंजेक्शन सुचवलंय, दर सहा महिन्यांनी एक, कातडीखाली. डॉक्टर घाईत होते, तरी एक वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं: "सुरू केलं की आपल्या मनाने थांबवायचं नाही." का ते विचारेपर्यंत पुढचे आजोबा खुर्चीत बसलेसुद्धा.
घरी येऊन वाचायला घेतलं तर कळलं, की हाडात ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी असतात, त्या हाड खातात आणि हे औषध त्यांना तयारच होऊ देत नाही. या पेशींचं वर्णन कोलिकर नावाच्या शास्त्रज्ञाने १८७३ साली केलंय म्हणे. मग माझा सरळ प्रश्न असा, की जिचं कामच हाड खाणं आहे ती पेशी शरीराने पाळलीच कशाला? आणि दीडशे वर्षं ओळख असूनही तिचा कायमचा बंदोबस्त का झाला नाही? सहा सहा महिन्यांच्या मुदतीवर का जगायचं?
जाणकारांनी सांगा. अजाणांनीही सांगा, इथे कोण कोणाला अडवतंय.

घोडबंदरचा_वाटसरू
पेशींना कशाला दोष देता? रोज घोडबंदर रोडने ये-जा करा, पेशींना काही कामच उरणार नाही.

नाना_कोपरीकर
आमची आई रोज पानाबरोबर चुना खायची. नव्वदीपर्यंत काठी हातात धरली नाही. नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, सुकट, जवळा हे सगळं ताटातून गेलं आणि हे स्कोअर-बिअर आले. आता इंजेक्शनं घ्या.

ऐरोलीची_आवली
नाना, तुमची आई विहिरीवरून पाणीही आणत असेल. ते कोण सांगणार?

पेशीवाली
@मसुंदाकाठ, तुमच्या प्रश्नावर लोकांनी अख्खी आयुष्यं घालवली आहेत. मी खारघरला राहते, पीएचडीत याच पेशी वाढवल्यात, त्यामुळे जरा लांबण लावते.
ऑस्टिओक्लास्ट ही अवाढव्य पेशी. आपल्या बहुतेक पेशींत एकच केंद्रक असतं, हिच्यात पाच, दहा, कधी वीस. रक्तातल्या मोनोसाइट कुळातल्या पेशी एकमेकींत मिसळून ती बनते. म्हणजे हिचं माहेर रक्तात, कामाचं ठिकाण हाडात. हाडाला चिकटून बसते, कडेने जागा सीलबंद करते आणि आत आम्ल सोडते. आम्लाने खनिज विरघळतं, मग कॅथेप्सिन के नावाचं एन्झाइम उरलेलं कोलॅजन तोडतं. प्रयोगशाळेत हाडाच्या पातळ चकतीवर त्या सोडल्या आणि काही दिवसांनी पेशी धुऊन काढल्या, की सूक्ष्मदर्शकाखाली चकतीवर त्यांनी खणलेले खड्डे दिसतात. पहिल्यांदा बघताना मी मार्गदर्शकांना हाक मारून आणलं होतं. त्यांनी ते आयुष्यभर पाहिलेले, पण बिचारे माझ्या आनंदासाठी डोकावले.
आता पाळल्या कशाला? ठाणेकरांना पुनर्विकास समजावून सांगायला नको. जुनं पाडल्याशिवाय नवं उभं राहत नाही. ऑस्टिओक्लास्ट पाडकाम करतात, ऑस्टिओब्लास्ट बांधकाम. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी असा नव्याने घडतो. रोजच्या वापराने हाडात बारीक चिरा पडतात, त्या अशाच बुजतात. रक्तातलं कॅल्शियम घसरलं तर तेही हाडातून काढून द्यावं लागतं, ते कामही यांचंच. घोळ वेळेत आहे. पाडकाम दोन-तीन आठवड्यांत उरकतं, बांधकामाला तीन-चार महिने लागतात. पाळी गेली की इस्ट्रोजेन घटतं, एकाच वेळी खूप ठिकाणी पाडकाम सुरू होतं आणि बांधणाऱ्यांना ते भरून काढता येत नाही.

कोलशेत_कट्टा
आमच्या सोसायटीचं पाडकाम झालं आणि बिल्डर गायब. म्हणजे आमच्या प्लॉटला ऑस्टिओपोरोसिस झालाय तर. भाडंही थकलंय.

घोडबंदरचा_वाटसरू
@कोलशेत_कट्टा, तुमच्या बिल्डरला दर सहा महिन्यांनी इंजेक्शन द्या.

सानपाडा_स्लो
पेशीवाली, छान लिहिलंय. पण 'पाडकाम करणाऱ्या नसल्याच तर काय होईल' हे कोणी कधी बघितलंय का? की नुसता तर्क?

पेशीवाली
बघितलंय, आणि ते फार वाईट दिसतं. ऑस्टिओपेट्रोसिस नावाचा जन्मजात आजार आहे, अल्बर्स-शोनबर्ग या जर्मन डॉक्टरांनी १९०४ साली एक्स-रेवर पाहून त्याचं वर्णन केलं. यात ऑस्टिओक्लास्ट तरी नसतात किंवा काम करत नाहीत. हाड दाट होत जातं, संगमरवरासारखं पांढरं दिसतं, पण ठिसूळ असतं आणि मोडतं. बाळांमध्ये तीव्र प्रकार असला तर मज्जेला जागा उरत नाही, रक्त तयार होईना, कवटीतल्या नसा दाबल्या जाऊन दृष्टी जाते. तेव्हा 'कायमचा बंदोबस्त' निसर्गाने करून दाखवलाय.
याच आजारातून या पेशी रक्तातून येतात हे कळलं. १९७०च्या दशकात डोनाल्ड वॉकर यांनी असा आजार असलेल्या उंदराचं रक्ताभिसरण निरोगी उंदराशी जोडलं आणि आजारी उंदराची हाडं सुधारली. मग अमेरिकेत पाच महिन्यांच्या मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली गेली, ते १९८० मध्ये प्रसिद्ध झालं. नंतर तपासलं तर तिच्या हाडातल्या ऑस्टिओक्लास्ट भावाच्या होत्या, वाय गुणसूत्रवाल्या, आणि ऑस्टिओब्लास्ट तिच्या स्वतःच्या. हा एवढा एक निष्कर्ष मला अजूनही फार सुंदर वाटतो.

उमा_नेरूळ
बहिणीच्या हाडात भावाच्या पेशी... राखी पौर्णिमेला हे सांगायला हवं कोणीतरी.

शंकासुर
सगळं ठीक. पण मला सांगा, हे संशोधन शेवटी औषध कंपन्यांनीच केलं ना? रोग शोधायचा, त्याला आकडा चिकटवायचा, मग सहा महिन्यांचं गिऱ्हाईक बांधायचं. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, ही रेघ कोणी आखली?

पेशीवाली
रेघ जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटाने १९९४ मध्ये आखली. रेघ आहे म्हणजे कुठेतरी आखावी लागली, हे मान्य. उणे २.४ वाला सुरक्षित आणि २.६ वाला बुडाला असं नसतं. म्हणून चांगले डॉक्टर वय, आधीचं फ्रॅक्चर, स्टेरॉइड, घराण्यात कोणाचा खुबा मोडलाय का, हेही विचारतात.
कंपन्यांचं म्हणाल तर गोष्ट मजेची आहे. १९८१ मध्ये गिडिअन रोडन आणि जॉन मार्टिन या दोघांनी मांडलं, की पाडणाऱ्या पेशींना हुकूम बांधणाऱ्या पेशींकडून मिळत असावा. तोपर्यंत दोघींना वैरिणी समजायची पद्धत होती. जपानमध्ये तात्सुओ सुदा यांच्या गटाने दोन्ही पेशी एकत्र वाढवून दाखवलं, की बांधणाऱ्यांचा स्पर्श नसेल तर पाडणाऱ्या तयारच होत नाहीत. पण हुकूम कुठल्या रेणूने जातो हे सापडेना. १९९७ मध्ये आधी उलटा रेणू सापडला, हुकूम अडवणारा. त्याचं नाव ऑस्टिओप्रोटेगेरिन. तो स्वतंत्रपणे दोन ठिकाणी सापडला: एक अमेरिकेतली अ‍ॅमजेन, आणि दुसरी जपानची स्नो ब्रँड, जी चक्क दूध-लोण्याची कंपनी! पुढच्याच वर्षी खरा हुकूम हाती लागला, रँकल नावाचं प्रथिन. मसुंदाकाठ यांच्या आईचं इंजेक्शन म्हणजे या रँकलला धरून ठेवणारी अँटिबॉडी. अमेरिकेत मंजुरी २०१० ची.

नाना_कोपरीकर
म्हणजे शेवटी दूधवाल्यांनीच शोधलं. मी काय वेगळं सांगत होतो?

ऐरोलीची_आवली
नाना, साष्टांग.

शंकासुर
दूधवाला असो की औषधवाला, बिल आपल्यालाच येतं. आपल्याकडे कोणी काही केलंय का, की आपण नुसते टोचून घेणारे?

पेशीवाली
पुण्याला या, विद्यापीठाच्या आवारात. राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात डॉ. मोहन वाणी यांच्या गटाने ऑस्टिओक्लास्टवर वर्षानुवर्षं काम केलंय. त्यांनी २००३ मध्ये दाखवलं, की इंटरल्यूकिन-३ हा प्रतिकारशक्तीशी संबंधित रेणू मोनोसाइट कुळातल्या पेशींना ऑस्टिओक्लास्ट होण्यापासून वळवतो आणि मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशींच्या वाटेला लावतो. एकदा वळल्या की रँकल टाकूनही त्या परत येत नाहीत. हे उंदरांच्या पेशींवरचं काम, औषध नव्हे. पण 'मारून टाका' आणि 'वाट बदला' यातला फरक मला तिथे कळला. मारलेल्या पेशीची जागा मज्जा उद्या भरून काढते. वाटच बदलली तर हिशोब वेगळा.

दंतकथा
मी वाशीत दातांची डॉक्टर आहे. संशोधन वाचून मजा आली, पण माझं रडगाणं ऐका. हे इंजेक्शन किंवा हाडांची झीज रोखणाऱ्या अलेंड्रोनेटसारख्या गोळ्या चालू असलेले पेशंट दाढ काढायला येतात आणि सांगत नाहीत. विचारलं तर "ते हाडांचं आहे, दातांचं नाही." अहो, जबडा हाडाचाच असतो! दाढ काढल्यावर जखम भरायला तिथेही जुनं हाड निघून नवं यावं लागतं. ते रोखलेलं असेल तर क्वचित जबड्याचं हाड उघडं पडून सडतं. हाडं ठिसूळ झाली म्हणून जो डोस देतात त्यात हे फार विरळा, कॅन्सरसाठीच्या मोठ्या डोसमध्ये जास्त. घाबरून औषध सोडू नका. मसुंदाकाठ, आईचे काढायचे दात असतील तर पहिल्या इंजेक्शनच्या आधी काढून घ्या, एवढंच.

मसुंदाकाठ
@दंतकथा, हे कोणीच सांगितलं नव्हतं. आईची एक दाढ हलतेय. उद्याच नेते.

सानपाडा_स्लो
आता मूळ प्रश्नातला दुसरा भाग कोणीतरी घ्या की. कायमचा उपाय का नाही? पाडणाऱ्यांना जगू द्यायचं पण फक्त हत्यार काढून घ्यायचं, असं जमत नाही का? ते कॅथेप्सिन के म्हणालात ना, तेवढंच बंद करा.

पेशीवाली
@सानपाडा_स्लो, तुम्ही मर्क कंपनीत असायला हवे होतात. अगदी हाच विचार करून त्यांनी ओडानाकॅटिब नावाची गोळी केली. पेशी जिवंत, फक्त कॅथेप्सिन के बंद. हजारो बायकांवर मोठी चाचणी झाली, फ्रॅक्चर कमी झाली. पण पक्षाघाताचं प्रमाण वाढलेलं दिसलं आणि २०१६ मध्ये कंपनीने ते औषध सोडून दिलं. एवढं पुढे गेलेलं औषध असं पडलं की या क्षेत्रातल्या माणसाला जेवण जात नाही.

शंकासुर
कंपनीने स्वतःहून सोडलं? बरं, एक गुण दिला.

कोलशेत_कट्टा
मला आता खरंच कुतूहल आहे, त्यामुळे विनोद बाजूला. 'मनाने थांबवायचं नाही' असं डॉक्टर का म्हणाले? कारण माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत हेच झालं. २०२०चा लॉकडाऊन, इंजेक्शन लांबत गेलं. त्यांना आम्ही बाहेर काढत नव्हतो, फोनवर कोणी म्हणालं की थोडं पुढेमागे चालतं. साधी बादली उचलताना पाठीत कळ आली. एमआरआयमध्ये मणक्यांत एकाहून जास्त फ्रॅक्चर निघाली. इंजेक्शन चालू असताना स्कोअर सुधारत होता, मग थांबवल्यावर आधीपेक्षा वाईट कसं?

पेशीवाली
वाईट वाटलं वाचून. आणि तुमचं निरीक्षण बरोबर आहे, यालाच रिबाउंड म्हणतात. ही अँटिबॉडी हाडात साठून राहत नाही. परिणाम ओसरला की झीज नुसती मूळ पातळीला येत नाही, काही महिने तिच्याही वर जाते. मिळवलेली घनता साधारण वर्ष-दोन वर्षांत निघून जाते, आणि काहींच्या मणक्यांत एकामागून एक फ्रॅक्चर होतात. अलेंड्रोनेट किंवा झोलेड्रोनिक अ‍ॅसिड, म्हणजे बिस्फॉस्फोनेट गटातली औषधं, तशी नाहीत. ती हाडाच्या खनिजालाच चिकटतात, पाडणारी पेशी हाड खाताना ती गिळते आणि निकामी होते. म्हणून ती थांबवली तरी परिणाम हळूहळू उतरतो.
रिबाउंड का होतो याचा एक धागा २०२१ मध्ये सापडला. सिडनीच्या गार्वन संस्थेत मिशेल मॅकडोनाल्ड, ट्राय फॅन आणि सहकाऱ्यांनी जिवंत उंदराच्या हाडात सूक्ष्मदर्शकाने पाहिलं. आम्ही सगळे असं शिकलो होतो की ऑस्टिओक्लास्ट काम संपलं की मरते. त्यांना दिसलं, की ती फुटून छोट्या छोट्या पेशी होते, त्या इकडेतिकडे फिरतात आणि पुन्हा एकत्र येऊन नवी ऑस्टिओक्लास्ट बनते. त्या छोट्या पेशींना त्यांनी ऑस्टिओमॉर्फ नाव दिलं. रँकल अडवलं की अशा पेशी साठून राहतात. अडसर काढला की एकदम जुळून कामाला लागतात. माणसात सगळं असंच घडतं का, यावर काम चालू आहे, पण कोलशेत_कट्टा यांच्या सासऱ्यांचं जे झालं त्याच्याशी हे जुळतं.

कोलशेत_कट्टा
म्हणजे पाडणारे गेले नव्हते, कोपऱ्यावर चहा पीत बसले होते.

घोडबंदरचा_वाटसरू
आणि परवानगी मिळताच जेसीबी घेऊन हजर. पहिल्यांदाच या धाग्यावर मला विज्ञान कळलं.

उमा_नेरूळ
मग हे इंजेक्शन घ्यावंच कशाला? गोळीच बरी की.

पेशीवाली
प्रत्येकाला नाही बरी. आठवड्याची गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. अन्ननलिकेचा त्रास असलेल्यांना ती सोसत नाही. मूत्रपिंड कमजोर असेल तर त्या गटातली औषधं टाळतात. तिथे डेनोसुमॅब कामाचं, फक्त आधी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासून भरून घ्यावं लागतं, नाहीतर रक्तातलं कॅल्शियम धोकादायक घसरू शकतं. थांबवायचं झालंच तर डॉक्टर मध्ये बिस्फॉस्फोनेटचा टेकू देतात. गोळीची सलाइनवाली बहीण, झोलेड्रोनिक अ‍ॅसिड, वर्षातून एकदा मिळते. पहिल्या वेळी एक-दोन दिवस ताप आणि अंगदुखी येते, तेव्हा मुलाच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी घेऊ नका.

नाना_कोपरीकर
इतकं सगळं लिहिलंत, पण चुन्याबद्दल चकार शब्द नाही.

पेशीवाली
नाना, तुमची नाचणी मी अजिबात नाकारत नाही. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तांदळाच्या कितीतरी पट. पण कॅल्शियम म्हणजे सिमेंटची गोणी. गोण्या आवारात आणून टाकल्या म्हणून पाडकाम थांबत नाही. आणि चुना तंबाखूबरोबर जाणार असेल तर माझं नाव सांगू नका.

ऐरोलीची_आवली
अवांतर: आमच्या एकविसाव्या मजल्यावर भरपूर ऊन येतं, पण खिडकीच्या काचेतून. त्याने ड जीवनसत्त्व बनत नाही, हे मला माझा अहवाल बघून कळलं. आता दुपारी अकरानंतर खाली बाकावर बसते. वॉचमनला वाटतं घरात भांडण झालंय.

सानपाडा_स्लो
पाम बीच रोडला सकाळी चालणारे सगळे पाचला येतात, सूर्य उगवायच्या आत घरी. त्यांचं काय?

पेशीवाली
त्यांना ऊन नाही मिळत, पण भार मिळतो आणि तोही कामाचा. हाडातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त पेशी तिसऱ्याच असतात, ऑस्टिओसाइट. त्या हाडात गाडलेल्या राहतात, भार ओळखतात आणि पाडायचं की बांधायचं याचे निरोप तिथूनही जातात. अंतराळवीरांच्या खुब्याची घनता महिन्याला एक ते दीड टक्का घटते, ती भार नसल्यामुळे. त्यामुळे चाला, जिने चढा, झेपेल तसं वजन उचला. मणक्यात फ्रॅक्चर असेल तर वाकून उचलायचे व्यायाम मात्र फिजिओथेरपिस्टला विचारूनच.

मसुंदाकाठ
सगळ्यांचे आभार. डॉक्टरांना परत भेटले, या वेळी प्रश्न कागदावर लिहून नेले होते. दाढ आधी काढणार, जखम भरली की इंजेक्शन. ड जीवनसत्त्व खूप कमी निघालं, ते आधी भरून काढतोय. पुढच्या तारखेला महिनाभरापेक्षा जास्त उशीर अजिबात नको, असं त्यांनी बजावलं. मी माझ्या आणि भावाच्या, दोघांच्याही फोनमध्ये आठवण लावलीये, कारण भाऊ बंगलोरला असला तरी ओरडायला जवळच असतो. आईला 'त्या पेशी मरत नाहीत, फुटून बसतात' हे सांगितलं. म्हणाली, "मग त्यांना बसूच दे, उठवू नका."

शंकासुर
आईंना नमस्कार. औषधाबद्दल इतकं नेमकं कंपनीच्या माहितीपत्रकातही वाचलं नव्हतं.

उमा_नेरूळ
उशिरा विचारतेय. मला संधिवात आहे, रुमॅटॉइड. अधूनमधून स्टेरॉइडच्या गोळ्या चालतात. वय ४८, पाळी चालू आहे. मला या सगळ्याची काळजी आत्ताच करायची का?

पेशीवाली
हो, आत्ताच. रुमॅटॉइडमध्ये सुजलेल्या सांध्याच्या कडेला याच ऑस्टिओक्लास्ट हाड कुरतडतात, कारण सूज आणणारे रेणू रँकल वाढवतात. वर स्टेरॉइड बांधकाम मंदावतात. तीन महिने किंवा जास्त स्टेरॉइड चालणार असतील तर तुमच्या रुमॅटॉलॉजिस्टला डेक्साबद्दल स्वतःहून विचारा, पन्नाशीची वाट बघू नका. आणि स्टेरॉइड मनाने एकदम बंद करू नका, तो वेगळाच धोका आहे. त्यावर नवा धागा काढा, इथे आता कोलशेतवाल्यांच्या बिल्डरचीच चर्चा होणार आहे.